बोटांचा चाळा

मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर अफू खाण्याचा आळ घेतला आणि तिला घराबाहेर काढलं. ती अफू खात नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी काय काय पाहिलं आणि मला काय वाटलं ते सांगत गेलो की वाचणाऱ्यालाही माझं म्हणणं पटू लागेल, अशी मला धास्ती वाटते. मला स्वतःला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

बहीण माझ्याहून पुष्कळ मोठी. मी चालायला शिकलो ते तिचं बोट धरून. तिला मी बाई म्हणायचो. तिचं लग्न अकोल्याला, मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरात झालं. मूलबाळ झालं नाही, आणि नवरा लवकर गेला. पुढची काही वर्षं तिनं दिराच्या घरी काढली. तिथं तिला कोणी उपाशी ठेवलं नाही, मारलंही नाही. पण पाणी, जातं, धुणं सगळं तिच्याकडं, आणि जरा नजरेआड झाली की 'कुठं गेलती?' हा प्रश्न. एक दिवस ती बोचकं घेऊन अमरावतीला माझ्या दारात उभी राहिली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बोचकं खाली न ठेवताच ती म्हणाली, "भाऊ, सांगशील ते काम करीन. पण मले मांगं पाठवजो नोको."

"हे घर तुहंच हाय, बाई," मी म्हणालो.

तेवढं म्हणायला मला तेव्हा काहीच जड गेलं नव्हतं.

मी कापसाचा दलाल. दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीच्या पेठेत गाड्यांची रांग वेशीबाहेर जायची. कालपर्यंत अनवाणी येणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लावून यायला लागले. सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका रुमालाखाली, आणि भाव तोंडानं न बोलता एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा. दलालाचा हात दोघांच्या मध्ये. कोणतं बोट किती जोरात दाबलं, कुठं थांबलं, यावर माझी भाकरी होती.

आणि दुसरी भाकरी संशयावर. बोजा समोर आला की वरचा कापूस मी पाहतच नसे. कोपरापर्यंत हात खुपसून तळातला पुंजका काढायचा, मुठीत दाबून ओल बघायची, दाताखाली धरून रेती बघायची, दोन बोटांत ताणून धागा किती लांब येतो ते बघायचं. लोक वजन वाढवायला पाणी शिंपडत, सरकी मिसळत, मध्येच गेल्या वर्षीचा पिवळा माल घालत. वरचा थर खरा मानायचा नाही, हे मी इतकी वर्षं केलं, की माणसं समोर आली तरी माझा हात मनातल्या मनात त्यांच्या तळाशी जायचा. पेठेत मला याबद्दल मान होता. तोच हात मी घरी घेऊन आलो.

तेजीच्या पहिल्याच हंगामात मी घरात एक हुकूम काढला. व्यापाऱ्यांना दाखवायचे नमुने मी घरी आणून ठेवत असे. प्रत्येक मालाचं एकेक लहान पुडकं, वर खुणेचा दोरा. मी सांगितलं की या घरात यापुढं कापसाचा पुंजकाही वाया जाता कामा नये. देवापुढच्या वाती जुन्या धोतराच्या चिंध्यांच्या करा.

बाई निरंजन घासत बसली होती. ती म्हणाली, "देवापुढं धोतराची वात लावू?"

"देवाले काय समजते? उजेड पडला म्हणजे झालं."

माझी बायको हसली, मीही हसलो. बाई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून देवापुढं चिंधीची वात जळू लागली, काळा धूर सोडत. मी विसरून गेलो.

माझं स्वतःचं काय चाललं होतं, तेही इथंच सांगायला हवं. मुंबईचा भाव तारेनं यायचा, साधारण जेवणवेळ टळताना. तो कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नसे. सौदा असो नसो, मी पेठेत जायचो. अंगात ताप असला तरी. वडिलांच्या श्राद्धाला पान वाढलेलं असताना, ब्राह्मण बसलेले असताना, मी 'आलोच' म्हणून उठलो आणि पेठेत गेलो. परत आलो तेव्हा बाईनं पानावर ताट पालथं घालून ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "काय म्हणे भाव?" मी अगदी आनंदानं तिला भाव सांगितला. तिनं थट्टा केली की खरंच विचारलं, हे आजही मला ठाऊक नाही.

बायको कधी बोलली तर मी म्हणायचो, "आणखी थोडासा चढू दे, मग पाय ठेवत नाही पेठेत." भाव चढला की म्हणायचो, "आता उतरायच्या आत निकाल लावला पाहिजे." उतरला की चढण्याची वाट. याला मी धंदा म्हणत होतो. पेठेत सगळेच म्हणत होते.

आता संशयाकडं येतो.

सुरुवात दुधापासून झाली. बायको म्हणाली, "बाई दुपारी वाटीभर दूध घेऊन मांगच्या खोलीत जातात. पेत असतील त् पेवो बाप्पा, पण इथं बसून काहून नाही पेत?"

बाई एकवेळ जेवायची. दूध प्याली तर मला आनंदच होता. पण लपून का? ते 'लपून' माझ्या डोक्यात बसलं. मग मी पाहायला लागलो. दुपारी घरी आलो की मागच्या खोलीशी जाऊन हाक मारायचो. पहिल्या हाकेला ओ नाही, दुसऱ्या हाकेला नाही. दार लोटलं तर बाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत. मला पाहिलं की हात पदराखाली. वाटी बाजूला. "काय करून राहिली, बाई?" म्हटलं की, "बसली होती," एवढंच.

तिच्या कमरेला एक लहानशी पितळी डबी असायची. ती पूर्वी कधी पाहिल्याचं मला आठवेना. आणि तिच्या बोटांना एक चाळा लागला होता. भाजी निवडताना थांबली, दारात कुणाशी बोलत उभी राहिली, की उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांवर फिरायची. काहीच नसताना. जणू काही वळताहेत.

पेठेत माझ्या शेजारी बसणारा एक दलाल होता. त्याचा काका अफूवर गेलेला. मी त्याला आडून विचारलं, आमच्या गल्लीतली एक बाई आहे म्हणून.

"दूध मांगते का?" त्यानं विचारलं.

"हो."

"हाक आयकत नाही?"

"नाही."

"कमरेले डबी, अन् बोटं अशी चालतात?" त्यानं गोळी वळून दाखवली. अगदी तसंच.

"तशीच."

"मंग आता काय जोशाले इचारतो, बावा? आमचा काका असाच. अर्धा शेर दूध अन् मसूरभर गोळी. मरेपर्यंत म्हने, उद्या सोडतो."

मी हसलो. पण खरं सांगायचं तर, त्या हसण्याखाली एक समाधान होतं. तळातला माल हाती लागल्याचं समाधान. ते मी विसरू शकत नाही.

त्यानंतर मला सगळं तसंच दिसू लागलं. बाई देवळात गेली, तर ठेक्यावरून अफू आणायला गेली असेल. शेजारणीकडं बसली, तर तिच्याकडं डबी भरून ठेवत असेल. ती आनंदात असली तर खाल्ली असणार, गप्प असली तर उतरली असणार. मी रिकामी वाटी उचलून वास घ्यायचो. दुधाचा वास यायचा. मला त्यात दुसरा वास लावायचा होता, आणि काही दिवसांनी तो मला यायलाही लागला.

बायकोनं एकदा बाईला सरळच विचारलं, माझ्या सांगण्यावरून. बाई म्हणाली, "वाती करून राहिली होती."

"दाखवा."

"पुऱ्या झाल्या का दाखवीन."

बायकोनं मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, "वाती करायले दूध कायले लागते? अन् पुऱ्या झाल्या की, म्हणजे कधी? उद्याच ना?" मला त्या दलालाचा काका आठवला. मी स्वतः रोज घरात काय म्हणत होतो ते आठवलं नाही.

अकोट भागातला उत्तम माल आला त्या हंगामात गोष्ट फुटली. बनीचा कापूस, लांब धाग्याचा, हातात रेशमासारखा. मी मुंबईच्या एका पेढीच्या मुनिमापुढं नमुने मांडले. त्यानं पुडकं हातात घेऊन तोललं आणि भर पेठेत म्हणाला, "दलालजी, नमूना तो पतला हो गया! घर में रजाई भरवा रहे हो क्या?"

चारचौघं हसले. मी बाकीची पुडकी पाहिली. बनीचं प्रत्येक पुडकं थोडं थोडं हलकं. जरीच्या, जाड्या कापसाच्या पुडक्यांना हात लागलेला नव्हता. चोराला मालाची पारख होती.

मी तसाच घरी आलो. दोन हाका मारल्या, ओ नाही. दार लोटलं. बाई तशीच बसलेली, ओठ हलताहेत, वाटी शेजारी, डबी उघडी. मला पाहून तिनं हात पदराखाली घेतले आणि डबी झाकायला गेली. मी डबी ओढून घेतली.

"काय हाय याच्यात?"

ओठ अजून हलत होते. अशा वेळीही ती मला उत्तर देत नव्हती, यानं मी पेटलो.

"माझ्या नमुन्यातला कापूस तू घेते ना? हो का नाही?"

"घेते," ती म्हणाली.

"अन् इकून अफू घेते!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. दारात माझी बायको होती, आणि आवाज ऐकून शेजारच्या दोघी आल्या होत्या. मी डबी उघडून त्यांच्यापुढं धरली. आत राखाडी भुकटी होती. देवापुढच्या उदबत्तीची राख असते तशी.

"राख हाय थे," बाई म्हणाली. "बोटाले लावाले. कापूस घसरू नये म्हणून."

"अन् गोळी कुठं लपवली?"

"भाऊ," ती म्हणाली, "तुले असं वाटते?"

"मले वाटत नाही. मले दिसून राहिलं."

पदराखालचे हात तिनं बाहेर काढले नाहीत. तिनं ते काढले असते तर त्यात वात दिसली असती आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण मीही पदर बाजूला करून पाहिलं नाही. कोपरापर्यंत हात घालणारा मी, तिथं वरच्या थरावरच थांबलो.

दोन दिवसांनी ओळखीच्या एका कुटुंबाच्या रेंग्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, मूर्तिजापुरावरून अकोल्याला निघाल्या होत्या. मी बाईला त्यांच्याबरोबर बसवून दिलं. बायको म्हणाली, "एक डाव पुन्हा इचारून पाहा ना." मी म्हणालो, खाणारे कधी कबूल करत नाहीत. मी सोबत गेलो नाही, कारण त्या दिवशी भाव चढेल अशी पेठेत हवा होती. गाडीवानाला मात्र मी बाजूला घेऊन बाईच्या दिरासाठी निरोप दिला, "म्हणावं, अफूचा नाद हाय, नजर ठेवा." हे मी काळजीपोटी केलं असं तेव्हा मला वाटत होतं. त्या काळजीचं पुडकं आता तोलतो तेव्हा ते पुष्कळ हलकं भरतं.

बाई गाडीत बसली. तिचं तेच जुनं बोचकं मांडीवर. "मांगं पाठवू नोको म्हटलं होतं, भाऊ," एवढं ती म्हणाली. रागानं नाही, एखादी वस्तू मी कुठंतरी विसरलो आहे आणि ती आठवण करून देते आहे, अशा आवाजात.

डबी माझ्याकडंच राहिली. मी ती त्या शेजारच्या दलालाला दाखवली. त्यानं बोट बुडवून चाटलं, थुंकला आणि म्हणाला, "राख हाय बे. कडू नाही का काही नाही. मले काहून राख चारतो सकाळी सकाळी?"

"मग गोळ्या संपल्या असतील," मी म्हणालो.

पुढं लढाई संपली. आमच्यापर्यंत बातमी आली ती भाव म्हणूनच आली. एका दुपारी तार आली आणि पेठ गप्प झाली. मग रोज थोडं थोडं खाली. शेंब्या लावलेले बैल विकायला आले. ज्यांनी घरात माल भरून ठेवला होता त्यांची तोंडं पाहवत नव्हती, आणि त्यांत मीही होतो. सौदे बंद झाले. व्यापाऱ्यांनी गाद्या गुंडाळल्या.

मी जातच राहिलो. रोज, त्याच वेळी. तार यायची, भाव कळायचा, त्याचा मला काही उपयोग नव्हता. तरी तो कळेपर्यंत घास उतरत नसे. एकदा मी रिकाम्या पेठेत कट्ट्यावर बसलो होतो, उपरणं मांडीवर. तो शेजारचा दलाल रस्त्यानं चालला होता. थांबला आणि म्हणाला, "कोणाशी सौदा करून राहिला बे?"

मी खाली पाहिलं. उपरण्याखाली माझा उजवा हात माझ्याच डाव्या हाताची बोटं दाबत होता. एक, मग दोन, मग थांबणं, मग पुन्हा.

"कोणाशी नाही," मी म्हणालो.

"मंग घेणारा चांगला हाय. भाव पाडत नाही," असं म्हणून तो हसत गेला.

मला बाईची बोटं आठवली. पण तेव्हाही मी एवढंच म्हणालो स्वतःशी, की माझं वेगळं.

उन्हाळ्याच्या तोंडी बायकोनं नवी ज्वारी भरायला मागच्या खोलीतली मातीची कोठी रिकामी केली. तिनं मला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी गेलो. कोठीच्या तळाशी जुन्या लुगड्यात बांधलेली गाठोडी होती. एक तिनं सोडलं होतं. आत वातीच वाती. फुलवाती, पांढऱ्या, सगळ्या एका मापाच्या, जुड्या जुड्यांनी दोऱ्यात बांधलेल्या. किती, ते मला सांगता यायचं नाही. लाख वाती वाहण्याचं व्रत बायका करतात. तितक्या नसल्या तरी त्याच्या जवळ पोचल्या असाव्यात.

मी एक वात उचलून ताणली. धागा लांब आला. बनी. माझ्याच नमुन्यांतला. टोक कडक होतं, उलगडेना.

"टोक असं काहून?" मी विचारलं.

"दुधाचं बोट लावतात तिथं," बायको म्हणाली. "वाळलं का घट्ट बसते. सगळ्याच जणी लावतात."

"तुले ठावूक होतं?"

"फुलवातीले दूध लागते, हे कोणाले ठावूक नाही?"

"मग तेव्हा बोलली काहून नाही?"

तिनं जुडी परत लुगड्यात ठेवली. "तुमी त् घरात कापसाले हात लावू नोका म्हटलं होतं. वातीले कापूस कुठून येईन, असं वाटलं मले. अन् तुमी अफू म्हटलं. मंग मलेही अफूच दिसली."

मला हळूहळू बाकीचं कळत गेलं. ती हाकेला ओ का देत नव्हती. ओठ का हलत होते. ती मोजत होती. मध्ये बोललं की मोजणी चुकते. त्या दिवशी मी डबी ओढली तेव्हाही ती मोजणीच धरून होती, आणि माझ्या 'हो का नाही'ला उत्तर देताना तिनं ती सोडली.

यानंतर मी लगेच अकोल्याला गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो नाही. दोन वर्षं गेलो नाही. आधी एकाबरोबर लुगडं पाठवलं आणि परत ये म्हणून निरोप. उत्तर आलं, 'भावाले सांगा, मी बरी हाय.' त्या 'बरी'च्या तळाशी हात घालावा असं मला वाटलं नाही. तिच्या दिरासमोर उभं राहायची लाज होती. रस्ता लांब आहे, बैल विकले आहेत, ही कारणं होती. मग बडनेऱ्याहून अकोल्याला आगगाडी सुरू झाली आणि तेही कारण राहिलं नाही. मी वातींची गाठोडी, डबी आणि थोडा बनीचा निवडलेला कापूस घेऊन निघालो.

मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाईचा दीर ओसरीवर पान लावत बसला होता. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या गाठोड्यांकडं पाहिलं.

"या. दलाल लोक आजकाल सोयऱ्याधायऱ्यांकडंच फिरून राहिले," तो म्हणाला. "बसा. पण आमच्याकडंही काही उरलं नाही, आधीच सांगतो."

"मागायले नाही आलो, भाऊजी. बाईले भेटायले आलो."

बाई आतून आली ती ओले हात पदराला पुसत. केस सगळे पांढरे झाले होते. तिच्यामागून तिची जाऊ आली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हात धुतल्याबिगर बाहेर येऊ देत नाही मी. देवळातून आल्या तरी आधी हाताचा वास घेते. तुमीच सांगून धाडलं होतं ना बाप्पा?"

माझा निरोप त्या घरात असा नांदत होता.

बाई खांबाला टेकून बसली. मला पाहून ती हसली नाही. ती मला निरखून पाहत होती. मी बोज्याकडं पाहतो तसं.

"घर इकलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"बायको बरी हाय?"

"बरी हाय."

"मंग काहून आला?"

मी गाठोडी तिच्यासमोर ठेवली आणि एक सोडलं. वर डबी ठेवली. तिनं डबीला हात लावला नाही. एक वात उचलली, तिचं टोक बोटानं चाचपलं आणि परत ठेवली.

"उंदरानं खाल्ल्या नाही," ती म्हणाली.

"बाई, थोड्याच उरल्या असतील. कापूस आणला हाय, चांगल्यातला चांगला. पुऱ्या कर."

"आता होत नाही रे."

"काहून?"

"इथं आल्यावर बसून पाहिलं. दूध कोणी देईना, म्हणून पाण्यानं केल्या. वाळल्या का उलगडे. मंग एक दिवस कापूस हातात घेतला अन् हातच चालेना. सुटलं."

"नवस होता का काही?"

"नवस कायचा?" ती म्हणाली. "देवाले चांगली वात मिळावी, एवढं होतं आधी. मंग बसलं का बरं वाटे. घरात सगळे भावाचंच बोलत. मी मोजत बसे. तेवढा वेळ मी कोणाच्याच घरात नसे." मग तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. "तुहं सुटलं का? पेठेचं?"

ती मला इतक्या वर्षांनी भेटत होती. 'हो' म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणालो. "परवाही गेलतो."

मी तिच्या मांडीवरच्या हाताकडं पाहत होतो. अंगठा, पहिली दोन बोटं, सगळी निश्चल. तो चाळा गेला होता. मला तेव्हा जे कळलं ते मी आजवर नीट मांडू शकलेलो नाही, पण साधारण असं होतं. मला पेठेत लोक हसले, मुनीम बोलला, बायको रडली, सगळं बुडालं, तरी माझं सुटलं नाही. उलट जितकं बुडालं तितका मी तिथंच जाऊन बसलो. आणि हिला मी एकदाच, एका दुपारी, टाकून बोललो, तर हिचं सुटलं. तिच्या हातात जे होतं ते अविश्वासात जगत नव्हतं. माझं जे होतं ते कशातही जगत होतं. दोन्ही चाळे बाहेरून सारखेच दिसत होते, आणि मी पारखी, मी दोन्हींत फसलो. अफूच शोधायची होती तर मला माझ्या उपरण्याखाली शोधता आली असती. आणि जी गोष्ट मोडायला नको होती, ती मी मोडली. ती परत करण्याजोगी वस्तू नव्हती. कापूस आणून ती परत होत नव्हती.

दीर पान चघळत ऐकत होता. जाऊ दारात उभी होती. पाणी न्यायला आलेली शेजारीण घागर कडेवर घेऊन थांबली होती. मला वाटलं, बाईला आत घेऊन जावं आणि हळूच बोलावं. मग वाटलं, मी हे तिच्यासाठी बोलतो आहे की माझं ओझं उतरवायला? माझा स्वतःवरही विश्वास राहिला नव्हता. पण आळ मी दारात, दोन शेजारणींसमोर घेतला होता, आणि निरोप या घरात पाठवला होता. तो उचलायचा तर इथूनच उचलायला हवा होता. मी उठून उभा राहिलो.

"भाऊजी, वहिनी, तुमीही आयका," मी म्हणालो. शेजारणीलाही म्हणालो, "तुमीही थांबा. मी गाडीवानासंगं इथं निरोप धाडला होता, का माझ्या बहिणीले अफूचा नाद हाय. तो निरोप खोटा होता. हिनं आयुष्यात अफू खाल्ली नाही. डबीत राख होती. दूध वातीले लागत होतं. कापूस हिनं घेतला तो देवासाठी घेतला, अन् मी घरात कापूस बंद केला म्हणून लपून घेतला. नाद मले होता, पेठेचा, अन् अजून हाय. यापुढं हिच्या हाताचा वास कोणी घेऊ नका. घ्यायचा असन तर माझ्या हाताचा घ्या." मग मी बाईसमोर खाली बसलो आणि तिच्या पायांवर हात ठेवले. "बाई, तू म्हटलं होतं, मांगं पाठवू नोको. मी हो म्हटलं होतं, अन् पाठवलं. मी एक डाव तुहा पदर बाजूला करून पाहिलं नाही. मी चुकलो, बाई. मले माफ कर."